छत्तीस

कोपरखैरण्याला, महापालिकेच्या शाळेत
बाकं भिंतीला सरकवून आम्ही दवाखाना मांडतो.
डॉक्टर मुकादम पोरांच्या तोंडात बघतात,
मी कागदात.
त्या बोलतात, मी लिहिते:
पाच-पाच, कीड. आठ-चार, नुसतं मूळ उरलंय.
सकाळपासून एकशे बारा तोंडं.
कुणाला पोह्यांचा वास, कुणाला रात्रीच्या बिस्किटांचा,
एकाच्या गालात अख्खी लिमलेटची गोळी,
जणू डॉक्टरांना दाखवायलाच आणलेली.

स्वरांजली शेडगे, पहिली ब, साडेसहा वर्षं.
समोरचे दोन पडलेत
म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघून हसते.
"तीन-सहा आलीय," डॉक्टर म्हणतात.
"खाचा खोल आहेत. कीड नाही अजून."
मी चौकटीत छत्तीस लिहिते.

फसवी असते ही दाढ.
एकही दात न पाडता येते,
दुधाच्या दाढांच्या मागे गुपचूप टेकते,
पंगतीत शेवटच्या पानावर बसलेल्या
पाहुण्यासारखी, ज्याला कुणी विचारत नाही
तू कुणाकडचा.
रक्त नाही, मुठीत धरून घरभर मिरवायला काही नाही.
आई म्हणते, दुधाचीच असेल.
आणि ती तर उभ्या जन्माची.

न्यायला बाप आला. हणमंत शेडगे,
कांदा-बटाटा मार्केट, माथाडी.
कॉलरला कांद्याचं साल,
खिशावर गोल डबीचा उमटलेला काठ.
"पडणारच ना ती, मॅडम? मग लेप कशाला?"
"ही पडत नाही," डॉक्टर म्हणाल्या,
"आणि गेली तर दुसरी येत नाही."

तो बघत राहिला.
मग बोटानं स्वतःचा गाल ओढला.
तिथं दाढ नव्हती.
दुसरीकडचा ओढला. तिथंही नव्हती.
"मला नववं होतं. गावाकडं, बाजाराच्या दिवशी
पकडीनं काढली एकानं.
मी ती कौलावर टाकली, उंदराला म्हटलं, तुझी दे.
दोन वर्षं रोज जीभ लावून बघायचो.
मला वाटलं, उंदीर विसरला."

कुणीतरी हसलं. बहुतेक मीच.
कागदावर पालकांची फक्त सही असते,
दात नसतात.

डॉक्टरांनी कापूस ठेवला, दाढ कोरडी केली,
थेंब सोडला, निळा दिवा धरला.
हणमंत ओठांत मोजत होता
गोण्या मोजाव्या तसा:
लाभ, दोन, तीन, चार...
विसाला दिवा विझला.
"भजी खाल्ली तर चालेल?" स्वरांजलीनं विचारलं.

मग नेहमीचं.
पेस्ट वाटाण्याएवढी. थुंकायचं, चूळ भरत बसायचं नाही.
रात्रीचं घासणं चुकवायचं नाही, त्यानंतर फक्त पाणी.
आठवं सरेपर्यंत ब्रश मोठ्या माणसानं फिरवायचा.
"मी तीनला निघतो, गाड्या लागतात," तो म्हणाला.
"आठला झोपलेलो असतो."
"मग साडेसातला."
साडेसात, त्यानं मान हलवली,
मुकादमानं पाळी सांगावी तसा.

"आणि तुमच्या गालात पांढरं दिसतंय.
वाशीला या मंगळवारी, नीट बघू."
"पोरीचं झालं ना."
"तुमचं म्हणतेय मी."
त्याचा हात खिशाकडे गेला, डबीवर थांबला,
तिथूनच रुमाल काढल्यासारखं करून परत आला.
रुमाल नव्हता.

मी एका कोऱ्या कागदावर मंगळवार लिहिला.
शाळेत बाई सांगायच्या,
तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून बसतात,
म्हणून भांडलेल्यांचा आकडा छत्तीसचा.
दाढेशी कोण कधी भांडलं असेल?
आपण फक्त पाठ करून बसतो.
मलाही शेवटचं तपासून चार वर्षं झाली,
दवाखान्यात नोकरी करून.

खिडकीतून गेट दिसतं.
स्वरांजलीची जीभ नव्या लेपावर,
गाल आतून फुगलेला.
त्याचाही फुगलेला.
कशानं, ते इथून दिसत नव्हतं.